बाकावरून न उठण्याची अट

सौ. गिरजाबाईला धाकट्या आदेशचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार, आणि त्यांचा खोकला सिमेंटच्या धुळीचा की बिडीचा, हा तुमचा वाद मिटला असेल तर कोण जिंकलं ते कळव. पिंटूला दात आले का? मी ठीक आहे, म्हणजे चालतो-फिरतो, जेवणही अधूनमधून होतं. झोपेचं विचारू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि भाऊजी स्पीकर लावतात, आणि ही गोष्ट गडचांदूरच्या अख्ख्या क्वार्टर लाइनीनं ऐकण्यासारखी नाही. कागदावर तू कितीही हसलीस तरी मी थांबणार नाही. गोष्ट आचलची आहे. (घे हसून.) येत्या रविवारी मूल गावी तिच्या घरी माझा निकाल लागायचा आहे.

मी कॉलेज सोडलं ते तू बाबांच्या तोंडून ऐकलंस, म्हणजे उलटं ऐकलंस, म्हणून एकदा माझ्याकडून ऐक. माझी उंची आपल्या घरात कोणाच्याच कामाची नव्हती. तलावात उतरलं की पाणी बाबांच्या छातीला आणि माझ्या कमरेला, एवढाच तिचा उपयोग. चंद्रपूरच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी मला प्रवेशाच्या रांगेत पाहिलं आणि रांगेतूनच उचलून बास्केटबॉलच्या मैदानात उभं केलं. जाळं फेकणाऱ्या मनगटातून चेंडूही बरा सुटतो, असं निघालं. दुसऱ्या वर्षापर्यंत मी कॉलेजचा पहिल्या पाचातला खेळाडू होतो आणि पोट्टे मला बघून रस्ता द्यायचे. मग त्या सामन्यात रेफरीनं माझ्यावर फाऊल दिला. तो फाऊल नव्हता. (आजही नाही.) मी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. फक्त चेंडू काखेत घेतला, चालत बसस्टँडवर गेलो आणि सिंदेवाहीच्या गाडीत बसलो. मैदानावर दुसरा चेंडू नाही, हे मला मूलचा स्टँड मागे पडल्यावर आठवलं. बाबा दुसऱ्या दिवशी चेंडू परत देऊन आले. मी मात्र परत गेलो नाही, कारण सरांनी माझ्यापेक्षा चेंडूची जास्त चौकशी केली, असं बाबांनीच सांगितलं. आता खरी गोष्ट. आमच्यानंतर मुलींचा सामना होता आणि त्या संघाची कॅप्टन आचल होती. चेंडूच नाही म्हणून तिचा सामना झाला नाही. आमची ओळख ही अशी झाली, बाई. पुढच्या आठवड्यात तिनं कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि न थांबता बरंच काही बोलली. मी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा मी कामातून गेलो होतो.

आता ती मूलला एका शाळेत खेळाची बाई आहे, आणि मी धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मुलींचा कोच. (हेडमास्तरांनी माझं शिक्षण विचारलं नाही, फक्त मान वर करून पाहिलं आणि हो म्हणाले.) गावाकडे येताना मूलच्या स्टँडवर गाडी थांबते तेवढ्यात मी उतरून तिच्या शाळेच्या कुंपणाला चक्कर मारून येतो. दोनदा गाडी माझ्याविना गेली, त्यातली एकदा माझी पिशवी घेऊन. अशाच एका फेरीत मी तिला विचारून टाकलं. गाडी सुटायच्या बेतात असताना विचारलं, म्हणजे नाही म्हणाली तर लगेच चढता यावं. ती म्हणाली, "तू वाईट नाईस आदेश. पण तुह्यासंग राहाचं म्हणजे कवा काय काखेत घेऊन पळशीन याचा नेम नाई. तुह्या अन् माह्या पोरींचा एक सामना ठेवू. पूर्ण सामना बाकावर बसून दाखव. उठाचं नाई, वरडाचं नाई. मंग मी बाबाले सांगते." मी लगेच हो म्हटलं. बसणं काय अवघड आहे, असं मला वाटलं. मी तोवर कोच म्हणून कधी बसलो नव्हतो.

इथे बाबांच्या जाळ्याचं सांगावं लागेल. आमच्या मैदानावर खांब एकच आणि त्यावर नुसती लोखंडी कडी. चेंडू कडीतून गेला की बाजूनं गेला, यावरून पोरींची रोज भांडणं. मी बाबांना म्हटलं, कडीला लावायला एक जाळं विणून द्या. बाबांनी जीव लावून विणलं, बाई. सुरेख गाठी, एकसारखी भोकं, आणि खालून तळ पक्का बांधलेला. मी म्हटलं, बाबा, चेंडू खालून पडला पाहिजे. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "पडाचा हाय त मंग जाळं कायले पाह्यजे?" बाबांच्या हातच्या गाठी कापायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून आमच्याकडे रीत पडली: बास्केट झाली की चेंडू जाळ्यात रोहूसारखा लोंबतो, पाची पोरी खाली उभ्या राहून वर बघतात, कोणी पाणी पिते, कोणी वेणी बांधते, आणि संघातलीच कमळा बांबू आणून चेंडू वर ढोसते. मग खेळ पुढे. वर्षभर हेच. मला यात काही गैर दिसलं नाही. सवयीचं असंच असतं.

सामना मूलला झाला. मी बाकावर बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. समोरच्या बाकावर आचल. तिनं वेणी कॉलरमध्ये खोचली की मला पुढची दोन मिनिटं काही दिसत नाही, तेवढ्यात आमच्या रीतानं पहिली बास्केट केली. झाली, बाई! आणि आमच्या पाची पोरी कडीखाली जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. चेंडू कधीच खाली पडला होता. आचलच्या पोरींनी तो उचलला, पलीकडे नेला, टाकला, आणि आमच्या अजून वरच बघत होत्या. त्यातच कमळा, जी तेव्हा माझ्या शेजारी बदली खेळाडू म्हणून बसली होती, कुठूनसा मंडपाचा बांबू उपसून मैदानात धावली. रेफरीनं शिट्टी फुंकली. मंडप एका बाजूनं खाली आला. आणि मला उठायचं नाही, ओरडायचं नाही! दर बास्केटला हेच. आम्ही जितकं चांगलं खेळत होतो तितके जास्त हरत होतो. मध्यंतरात मी पोरींना जवळ बोलावून हळू आवाजात समजावलं की इथलं जाळं खालून मोकळं आहे, वर बघू नका, पळा. त्यांनी मला हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रीता रडायलाच लागली. "सर, घरी कोणाले काई झालं का?"

पण दुसऱ्या डावात पळाल्या, बाई, अशा पळाल्या की पाहत राहावं. शेवटी शेवटी तर रीता कडीपाशी पोचलीच होती, आणि आचलच्या एका पोरीनं तिला पाठीत कोपर मारून पाडलं. चक्क पाडलं. रेफरीनं शिट्टीच वाजवली नाही. आमच्या शाळेच्या माणसांनी रीताकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनी डोळे झाकले. आणि तुझा भाऊ बसून राहिला. दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं, पण उठला नाही. उठली ती आचल! तरातरा मैदानात गेली आणि रेफरीला म्हणाली, "काऊन जी, झोपून राह्यले का? माह्या पोरीनं ढकललं तिले, मले इथून दिसलं, तुमाले तिथून नाई दिसत?" रेफरीनं फाऊल दिला, आणि वर आचलला ताकीदही दिली. आम्ही हरलो ते हरलोच. पण नंतर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बसून राह्यलास तू." मग खाली बघत, "रविवारी घरच्यायले धाड."

इथे सुखानं पत्र संपायला हवं होतं. पण मी शाळेत परत येऊन त्याच दिवशी सुरीनं बाबांच्या जाळ्याचा तळ कापला, आणि तिसऱ्या दिवशी बाबा एसटीतून उतरले. आम्ही हरल्याचं ऐकून त्यांनी दुसरं, आणखी मजबूत जाळं विणून आणलं होतं. कडीकडे पाहिलं. "हे कोणं फाडलं?" कमळा खोटं बोलत नाही. बाबांनी नवं जाळं पुन्हा पिशवीत घातलं आणि त्याच एसटीनं परत गेले. चहासुद्धा घेतला नाही. तेव्हापासून फोनवर माझा आवाज ऐकला की ते गिऱ्हाईक आल्याचं सांगतात. तुला वाटेल तलावावर एवढं गिऱ्हाईक कुठून आलं. मलाही तेच वाटतं.

तर आपली तब्येत सांभाळ, भाऊजींना काढा दे, पिंटूचा पापा घे. वाचून पत्र फाडून टाक, भाऊजींना दाखवू नकोस.

तुझा,
आदेश

ता. क. रविवारी आपल्या घरची माणसं येणार, असं मी आचलच्या वडिलांना, लटारूभाऊंना, कळवून टाकलं आहे. बाबांना माहीत नाही. ते तू सांगायचं. शनिवारीच गावी ये, आधी जाळ्याची तारीफ कर, मग जेवू घाल, मग सांग. हे वरचं सगळं एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. आणखी एक. रीता पडली तेव्हा मी उठत होतो, बाई. शपथेवर सांगतो, अर्धा उठलो होतो. पण पोटरीत असा गोळा आला की मी परत बाकावर आदळलो आणि तोंडातून आवाजच फुटेना. डोळ्यांतलं पाणी त्याचं होतं. ही गोष्ट मनात राहीना, म्हणून काल आचलला सगळं खरं सांगून टाकलं. माझा जीव गेल्यात जमा. मग तिनं विचारलं, "कोणता पाय?" मी म्हटलं, उजवा. ती म्हणाली, "माह्या बाबाचं बोलणं तू ऐकलं नाईस अजून. रविवारी दोन्ही पायात येऊ दे."

ता. क. बाई, गोळा मुद्दाम कसा आणतात?