हिरव्या चौकोनातल्या टिपा

१२ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी जिना उतरतेय हे शेजाऱ्यांना माझ्याआधी कळतं.

आईंना जाऊन पाच महिने झाले. त्यांचं अर्धवट राहिलेलं पांघरूण काल पुरं केलं, ते या पार्सलात आहे. घरातल्या प्रत्येकाचा एक असे सुयांवर विणलेले बारा चौकोन, वर भरतकाम. ह्यांच्या चौकोनावर कात्री आहे, माझ्या चौकोनावर उघडं पुस्तक. "ही पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही," असं म्हणत त्यांनी ते भरलं होतं. क्रोशाने जोडलंय मी, म्हणून जोड जरा ओढल्यासारखे दिसतात.

बारावा, हिरवा, तुमचा. त्याच्या खालच्या अर्ध्यात पांढरा दोरा वेडावाकडा शिवलेला दिसेल. ते भरतकाम नाही. खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं, आणि मी गुडघ्यांचंच सांगत बसले.

आईंनी शेवटी माझी आठवण काढली का, असं तुम्ही विचारलं होतंत. शुद्ध नव्हती, असं मी कळवलं. ते खोटं होतं. शुद्ध शेवटपर्यंत होती, दृष्टी तेवढी गेली होती.

मे महिन्यात त्यांनी मला तुमच्यासाठी पत्र सांगितलं. मी लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि माझ्या ट्रंकेत ठेवलं. हे गेले तेव्हा सख्ख्या भावाला शेवटचं बघायला तुम्ही आला नाहीत, तीन ओळी पाठवल्यात. ते मनात होतं. दुसरं कारण नाही, शोधून पाहिलं.

पत्र टाकलंस का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं. त्याच दिवशी त्यांनी हिरवी लोकर सुयांवर चढवली. म्हणाल्या, हा पुरा होईस्तोवर ती येईल. बोटांनी टाके मोजत रोज आठ-दहा ओळी व्हायच्या. चौकोन आठवड्यात संपला असता, आणि मग मला तोंड द्यावं लागलं असतं. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की मी उसवायची. एखादी ओळ ठेवायची, बाकी लोकर गुंड्याला गुंडाळायची. उठल्यावर त्या चाचपून बघत आणि म्हणत, हात म्हातारे झाले गं. तीन आठवडे हे चाललं.

एका दुपारी लोकर ओढली, ती आलीच नाही. विणलेल्या ओळींतून त्यांनी सुईदोऱ्याने आडव्यातिडव्या टिपा मारल्या होत्या. सुईत दोरा शेजारच्या बाईंनी ओवून दिला होता, ते मला नंतर कळलं. मी विणकाम हळूच खाली ठेवलं. त्या जाग्याच होत्या. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

"आता उसवत नाही ना?"

थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला. मी साखर घालायला विसरले, त्या तसाच प्यायल्या.

वन्सं, त्यानंतरही मी पत्र टाकलं नाही. तुम्ही आलात तर त्या सगळं सांगतील, याचं भय वाटलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. सुया उशाशीच होत्या.

वरचा अर्धा चौकोन मी विणलाय. टिपांना हात लावला नाही. वर काही भरलेलंही नाही. तुमच्यासाठी काय भरायचं त्यांच्या मनात होतं, ते विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं.

त्यांचं पत्र पांघरुणाच्या घडीत आहे, पाकीट तसंच बंद. अक्षर माझं आहे, त्याला इलाज नाही. मी लिहायला शिकले तीही तुम्ही माहेरी ठेवलेल्या शाळेच्या पुस्तकांवरून. पण शब्द त्यांचे आहेत. "मी रागावलेली नाही" असं त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा लिहिलं.

माफ करा, असं लिहून पाहिलं आणि खोडलं. तुम्ही आलात तर दार उघडेन. नाही आलात, तर का, हे मला कुणाला विचारावं लागणार नाही.

आईंना "पत्र टाकलं" म्हणून सांगणारी,
तुमची भावजय