शेवटचं प्रकरण आमच्या घरी

रविवार, १२ जानेवारी, सकाळ

ती. साडूभाऊंना नमस्कार.

'सप्रेम' लिहायचं राहिलेलं नाही, गाळलं आहे. इकडे सगळं ठीक. काचेच्या दुकानात काम भरपूर, हिची कंबर आता बरी. तुमच्या डोळ्यांचं अक्कांच्या निरोपातून कळलं. वाईट वाटलं असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

हे पत्र अक्काच तुम्हांला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अक्का, नवऱ्याची दया येऊन मधली वाक्यं गाळू नका. मी आल्यावर उलटतपासणी घेईन.

माझ्याकडून वाचायला नेलेली दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी तुम्ही परत पाठवलीत, ती मिळाली. पानांचे कान जागोजाग दुमडलेले, कोपऱ्यांवर थुंकी लावलेल्या बोटाचे डाग. मी हात धुऊन, पुसून, मग पुस्तक उघडतो. खुणेला कागदाची पट्टी ठेवतो. प्रस्तावना शेवटी वाचतो, कारण पाहुणा जेवायच्या आधीच चव सांगणारा यजमान मला आवडत नाही. आणि पहिल्या पानावर खोकणारा नायक दिसला की पुस्तक मिटतो; तो कुठे जाणार हे ठरलेलं असतं. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून हे नियम माझे मीच केले. कुणी शिकवले नाहीत, म्हणून कुणाला मोडूही देत नाही.

तर तुमचं शेवटचं प्रकरण राहिलं. अक्कांना पुस्तकाचा बारीक टाइप झेपत नाही, तेव्हा मी येऊन वाचावं, असा निरोप. माझ्या तोंडून ऐकायला तुम्हांला चालेल? वाचनालयातली ती बैठक तुम्ही विसरला असाल. मारणारा विसरतोच.

म्हातारपणावरचा लेख होता. मी उभा राहून वाचत होतो. 'जरामरण' शब्द आला आणि मी 'जरा थांबा' मधला जरा वाचला. तुम्ही पहिल्या रांगेतून म्हणालात, "जरा मरण? म्हणजे थोडंसंच? मग उरलेलं कधी?" सगळा हॉल हसला. पुढे कित्येक दिवस मी चौकात दिसलो की लोक विचारायचे, "काय, आज किती मेलात?"

साडूभाऊ, लिहिताना दोन्ही ज एकच असतात. जेवणातला कोणता आणि जोड्यातला कोणता, हे कागद सांगत नाही, माणसाचं घर सांगतं. म्हातारपणाचा तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलाच नव्हता. आमच्याकडे माणसं नुसती म्हातारी व्हायची. मी तो पुस्तकातून उचलला, हात धुऊन.

आता ऐका. तुमच्याकडे जरा लवकरच आली.

अक्का, अडखळलात? कोणता ज लावलात? चुकला असलात तर यांना म्हणावं, हसा. हसले का? नाही ना. आपल्या माणसाला कुणी हसत नाही.

आमचं माणूस हसलं होतं.

ही तिसऱ्या रांगेत होती. तुमच्या विनोदाला तोंडावर हात धरून हसली. खांदे हलत होते, ते मी पाहिले. त्याआधी रोज संध्याकाळी ही शिवण घेऊन बसायची आणि मी मोठ्याने वाचायचो. एखादं वाक्य आवडलं की सुई थांबायची. ते सगळं त्या दिवशी संपलं. आता मी मनात वाचतो, ही रेडिओ लावते. परवा तुमचा निरोप आला तेव्हा म्हणाली, "त्यांना वाचून दाखवणार? बरं आहे त्यांचं." आणि आत गेली.

हे तुम्ही केलंत. डोळे गेले म्हणून ते माफ होत नाही.

तरी येतो. पण माझ्या अटींवर. राहिलेलं प्रकरण नाही, कादंबरी पहिल्या पानापासून वाचीन. ज मला हवा तसा लावीन, च सुद्धा. मध्ये "अहो, तसं नाही ते" म्हणालात, नुसतं घसा खाकरलात तरी, पुन्हा पान पहिलं. रखवालदाराचं पुढे काय झालं हे दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. गावात दुसरी प्रत नाही, मी खात्री करून घेतली आहे.

शेवटचं प्रकरण तुमच्याकडे वाचणार नाही. त्या दिवशी अक्कांनी तुम्हांला हाताला धरून आमच्याकडे आणावं. ही समोर बसेल. मी तिच्याकडे बघून वाचीन, मोठ्याने, आणि तुम्ही कडेला बसून ऐकायचं. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

येताना उशीर करू नका. ही फार वेळ वाट पाहते आहे.

लोभ नसला तरी चालेल, कान उघडे असावेत.

आपला,
साडू