अकरा वेळा चाललेल्या ओळी

परळ, शुक्रवार

आदरणीय बकुळाआत्या,
सविनय जय भीम.

तुझा गुडघा, तुझा पंखा आणि शेजारच्या धोंडूकाकांचा खोकला, तिघांचे आवाज आता कसे आहेत? मी बरा आहे. (पत्र अशासाठी, की फोनवर तू आधी बोलतेस आणि माझं राहून जातं.)

गेल्या महिन्यात तुझ्या फोनवर मी आमच्या ऑफिसचं ॲप टाकलं. लाल बटण दाबलं की पहिल्या नातेवाइकाला फोन लागतो, त्याने उचलला नाही की दुसऱ्याला. पहिला मी, दुसरे (नात्याने नाही, पण जवळ आहेत म्हणून) धोंडूकाका. त्या ॲपमध्ये आम्ही खुणा पेरल्या होत्या. (मी सांगितलं होतं, पण तू तेव्हा बोंबील साफ करत होतीस.) आम्ही लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळींना हात न लावता, त्यांच्यापासून मशीनसाठी तयार होणाऱ्या बाइटकोडमध्ये वळणावळणावर एक खूण, पोलिओवाले चाळीत दारांवर खडूने करून जातात तशी. कुठली ओळ किती वेळा चालली, कुठली कधीच नाही, ते त्यावरून कळतं. चाललेल्या ओळींचा हिस्सा म्हणजे कव्हरेज. आमचं एकाहत्तर टक्क्यांवर अडलं होतं आणि ऐंशीशिवाय आमच्या बॉस सीमा मॅडम ॲप बाजारात सोडायला तयार नव्हत्या. 'नातेवाईक फोन उचलत नाही' हा भाग ऑफिसात चालेचना, कारण तिथे आम्ही सगळे फोन हातात घेऊनच बसतो.

सोमवारी तुझ्या फोनचा रिपोर्ट आला. कव्हरेज त्र्याऐंशी, आणि तो भाग अकरा वेळा चाललेला. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, समोसे मागवले. दुसरा समोसा हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की फोन न उचलणारा तो नातेवाईक मीच. समोसा तसाच राहिला.

घाबरून धोंडूकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, पहिले दोनदा धावत गेलो. मग ताट घेऊनच जायला लागलो. काय चांगलंचुंगलं केलं की दाबते ती, तुला जेवायला बोलवायला. पोराने खास माझ्यासाठी बटण दिलंय, म्हणते."

आत्या, मला लाज वाटली. मीटिंगमध्ये होतो असं लिहिणार होतो, पण त्या अकरापैकी चार रविवार आहेत.

तुझा,
सम्यक

ता. क. परवा रविवारी एक वाजता बटण दाब. 'नातेवाइकाने फोन उचलला' ही ओळ ऑफिसात हजारदा चालली आहे, तुझ्या फोनवर एकदाही नाही. मी तुमच्या जिन्यातच उभा असेन. काही केलं नसलंस तरी दाब.

आणखी एक. धोंडूकाकांना आधी सांगून ठेव. मी उचलला की त्यांना फोन जाणारच नाही, आणि रविवारी फोन आला नाही, तर ते घाबरून धावत येतील. त्यांचंही ताट मांड.