वहिनी कुठल्या रकान्यात बसते?

मंगळवार, ४ मार्च

बसत नाही म्हणे! वहिनी ‘कुटुंब’ या शब्दात बसत नाही!

अंगाचा तिळपापड झालाय. लिहिते म्हणजे तरी निवेल.

अर्धा दिवस रजा टाकून विम्याच्या कार्यालयात गेले होते. वहिनीच्या पित्ताशयात खडे निघालेत, डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, घाई नाही पण लांबवूही नका. मी म्हटलं, त्यात काय, माझं कार्ड आहे. लॉन्ड्रीत लागल्यापासून दर महिन्याला पगारातून वर्गणी कापून घेतात, मी कधी हूं की चूं केलं नाही. वहिनीचं नाव जोडायचं, की झालं.

खिडकीमागे एक बाई. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला.

‘नातं?’

‘वहिनी.’

‘नवरा, मुलं, आईवडील. एवढेच अवलंबित. वहिनी त्यात बसत नाही.’

‘बसत नाही म्हणजे? पंधरा वर्षं बसलीय की आमच्या घरात!’

मागे रांगेत कुणीतरी हसलं. चष्मेवाली हसली नाही.

दादा गेला तेव्हा वहिनी माहेरी जाऊ शकली असती. गेली नाही. माझं लग्न नाही, आई अंथरुणाला खिळलेली. आईला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, औषधं द्यायची, आई जाईपर्यंत सगळं वहिनीनं केलं, कारण मी दिवसभर चादरींच्या वाफेत. आई माझ्या कार्डावर होती. अवलंबित! आणि आई जिच्यावर अवलंबून होती, ती कुणीच नाही.

हे सगळं मी खिडकीवर मोठ्यानं बोलले. चष्मेवाली म्हणाली, ‘पुढचे कोण?’

गुरुवार, ६ मार्च

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, ‘जाऊ दे हो वन्सं, आता दुखत नाही तेवढं.’

खोटं! परवापासून नुसती पेज पितेय. आणि पोटाला हात लावून उठते, मी बघत नाही असं समजून.

सोमवार, १० मार्च

लॉन्ड्रीत मोठं इस्त्रीयंत्र बंद पडलं, त्यामुळे घड्या घालणाऱ्या आम्ही सगळ्या रिकाम्या. मी पुन्हा तेच पुराण लावलं. मालकीण ऐकत होती. म्हणाली, ‘अगं, एवढं कशाला डोक्याला लावून घेतेस? आई म्हणून घाल की तिचं नाव. कोण बघतंय?’

‘माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे ती!’

‘मग तब्येत राखलीय म्हणायचं.’

सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. वाटलं, हसेल. ती कपडे वाळत घालत होती, थांबली. म्हणाली, ‘मी तुमच्या दादांची बायको आहे. तुमची वहिनी. ते काही वाईट नाही, की लपवावं.’

मला इतकं बरं वाटलं! बरोबर आहे. खोटं का बोलायचं? चूक त्यांच्या रकान्याची आहे. त्यांनी नवीन रकाना काढावा!

सोमवार, १७ मार्च

आज विमा कार्यालयाच्या साहेबांनाच गाठलं. दारावरचा शिपाई म्हणाला, वेळ घेतलीय का? मी म्हटलं, वेळच वेळ आहे माझ्याकडे, आणि बाकावर ठाण मांडलं. शेवटी बोलावलं.

साहेब गोड माणूस. हेच तर जास्त चीड आणणारं. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ‘तुमच्या भावना मी समजू शकतो, पण नियम.’ भावना! मी काय रडायला गेले होते?

जिना उतरून खाली आले तर चष्मेवाली कोपऱ्यातल्या चहाच्या यंत्रापाशी उभी. मी तोंड फिरवलं. तीच म्हणाली, ‘ओ बाई, एक विचारू? तुम्ही दर वेळी तुमचंच कार्ड पुढे करता. त्यांचं स्वतःचं का काढत नाही?’

‘ती नोकरी करत नाही.’

‘नोकरी लागतेच असं कुणी सांगितलं? स्वतः वर्गणी भरणारे सभासद असतात. कुणाच्या नावामागे लटकावं लागत नाही.’

मी फिरवलेलं तोंड पुन्हा तिच्याकडे वळवलं.

‘मग त्या दिवशी का नाही बोललात?’

‘तुम्ही बोलू दिलंत का?’

चहा संपेपर्यंत तिनं सगळं सांगितलं. सुरुवात तिनं काय मिळत नाही इथून केली, त्यामुळे विश्वास बसला. दात नाहीत. चष्मा नाही. वेगळी खोली नाही, सगळ्यांबरोबरच्या वॉर्डात राहायचं. घरी आल्यावरच्या गोळ्या आपल्या आपण आणायच्या. मिळतं काय? दाखल असेपर्यंतचं सगळं: खाट, ऑपरेशन, औषधं, तपासण्या. वर्षातून एकदा फुकट तपासणी. आणि मग मेख! आधी ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर सभासद झाल्यापासून सहा महिने थांबायचं.

‘सहा महिने? आणि मध्येच काही झालं तर?’

‘जिवावर बेतलं तर पहिल्या दिवसापासून मिळतं. पण ते डॉक्टरनं म्हणायला हवं. तुम्ही नाही.’

हे ‘तुम्ही नाही’ तिनं मुद्दाम म्हटलं!

मंगळवार, १८ मार्च

वहिनीला घेऊन गेले. रस्ताभर ती, ‘कशाला उगाच, कशाला उगाच.’ मी हात धरून ओढलं म्हटलं तरी चालेल.

चष्मेवालीनं विचारलं, ‘काय करता?’

मी म्हटलं, ‘काही नाही. घरीच असते.’

तर वहिनी म्हणते, ‘शिवणकाम. शिवणकाम लिहा.’

खरंच की! आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांचे पायजमे तिनं आखूड केलेत, उसवलेले खिसे तिनं लावलेत. मी त्याला काम म्हणत नव्हते, मशीनचा आवाज म्हणत होते.

सही करताना मात्र तिचा हात अडला. मला विचारते, ‘नाव कसं लिहू?’ मी म्हटलं, ‘तुझं तूच ठरव!’ चष्मेवाली पहिल्यांदा हसली.

बुधवार, २ एप्रिल

कार्ड आलं! वहिनीनं फोटो बघितला आणि म्हणाली, ‘पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसतेय मी.’

दिवसभर कार्ड टेबलावर होतं. येता-जाता बघत होती. घरभाडं, वीज, गॅस, सगळं आधी दादाच्या नावावर होतं, मग माझ्या. तिच्या नावाचं या घरात आलेलं हे पहिलंच काहीतरी असावं. मला आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता सहा महिने. सप्टेंबरअखेरपर्यंत. खड्यांनी तेवढी कळ काढायची!

रविवार, ११ मे

दुपारी शेजारीण आली होती. ‘सहा महिने काहीच मिळणार नसेल तर वर्गणी भरून उपयोग काय? भोपळाच की.’ मी तिला फैलावर घेणार, तेवढ्यात वहिनीच बोलली. ‘छत्री घेतली म्हणून लगेच पाऊस पडायला हवा का?’

वहिनी! जी पंधरा वर्षांत शेजारणीला उलट बोलली नाही!

विमावाल्यांनी दिलेली माहितीपुस्तिका ती रोज थोडी वाचते. मला वाचून दाखवते. परवा ती फुकटची तपासणी करून आली, एकटी जाऊन. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणे, ‘तुमचीही राहिलीय. तुम्ही एकदाही केलेली नाही. आधी तुमचं बघा.’

माझं कार्ड इतकी वर्षं कपाटात साड्यांखाली. घ्या!

शुक्रवार, २० जून

डोळ्याला डोळा लागलेला नाही. तरी लिहिते.

काल सकाळी डबा भरत होते. आत धप्पकन आवाज झाला. वहिनी न्हाणीच्या दारात वाकून बसलेली, अंग तापलेलं, घामानं थबथबलेली, ओठ पांढरे. बोलता येत नव्हतं. शेजारणीनंच रिक्षा थांबवली. मी तिला उचललं कसं, मला ठाऊक नाही.

रुग्णालयात दाखल करून घेणाऱ्या टेबलावर एक माणूस. कार्ड घेतलं, यंत्रात बघितलं. ‘पित्ताशयाचं ऑपरेशन? सहा महिने झाले नाहीत यांचे. विम्यात बसणार नाही.’

बसणार नाही! पुन्हा तेच!

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, ‘ठरवून आलोय का आम्ही? पाहुणे म्हणून आलोय? जिवावर बेतलं तर पहिल्या दिवसापासून मिळतं, तुमच्याच पुस्तिकेत आहे!’ तो म्हणाला, ‘आवाज खाली करा.’ मी केला नाही. अख्खा हॉल बघत होता. बघू दे!

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्यापेक्षा बारक्या, पण आवाज असा, की माझा आपोआप खाली आला. मी म्हटलं, ‘बाई, ‘तातडीचं’ एवढा एक शब्द लिहा.’

‘तुम्ही सांगताय म्हणून लिहिणार नाही. तपासते. तसं असेल तर लिहीन, नसेल तर नाही.’

आणि पडदा ओढला.

तो पडदा मी जन्मात विसरणार नाही. हिरवट, खालचा काठ उसवलेला. मी त्या काठाकडे बघत उभी. मनात येत होतं, नाही लिहिलं तर? तर घर गहाण टाकू म्हणावं तर घर भाड्याचं. भांडायला तरी कुणाशी भांडू? आतला दाह काही माझ्या आवाजाला भिणार नव्हता. आणि दुसरंही मनात आलं, तेही लिहिते: तिला आत खूप दुखत असू दे, असं मला वाटत होतं. म्हणजे शब्द मिळेल. स्वतःच्या माणसासाठी असं मागावं लागतं!

पडदा सरकला. ‘पिशवीत पू झालाय. आत्ता घ्यावं लागेल.’ त्यांनी टेबलावरच्या माणसाला एवढंच सांगितलं, ‘तातडीचं. दाखल करा.’ त्यानं निमूट दाखल केलं.

मग तो म्हणाला, ‘सही कोण करणार? पेशंटचं जवळचं कोण?’

वहिनी बसत नाही, तर नणंद कुठून बसणार?

स्ट्रेचरवरून वहिनीचा आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट. ‘या. या माझ्या वन्सं.’

‘वन्सं म्हणजे?’

‘म्हणजे माझ्या घरच्या. लिहा तसं. मी सभासद आहे, मी सांगतेय.’

लिहिलं त्यानं!

संध्याकाळी तिला बाहेर आणलं. डोळे उघडून पहिलं वाक्य: ‘डबा घेऊन गेलात का कामावर?’

आता रडले थोडी. कुणी बघत नाहीये.

मंगळवार, २४ जून

घरी आणलं. वॉर्डात बारा खाटा, पंखा एकच, शेजारची आजी दिवसभर कण्हत. वेगळी खोली नाही म्हणजे नाही. पण ऑपरेशन, सलाइन, सुया, त्या पेजेपर्यंत सगळं विम्यातून गेलं.

गोळ्यांच्या खिडकीवर मात्र पाकीट काढायला लागलं. मी हुज्जत घालायला सुरुवात केली, तर वहिनी चाकाच्या खुर्चीतून म्हणते, ‘वन्सं, हे खरंच बसत नाही. इथे भांडू नका, दम पुढच्यासाठी ठेवा.’

पुढच्यासाठी! बरी आठवण केली. साहेबांना पत्र लिहिलंय: तुमच्या ‘कुटुंब’ या शब्दात एका घरात राहणारी, एकमेकींचं आजारपण काढणारी माणसं बसत नसतील, तर शब्द मोठा करा. वहिनीला कार्ड मिळालं म्हणून माझं भांडण मिटलं असं समजू नका. ज्यांना वर्गणी झेपत नाही, त्या वहिन्यांनी काय करायचं?

मंगळवार, ८ जुलै

साहेबांचं उत्तर आलं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’

वाटाण्याच्या अक्षता!

दुसरं पत्र आजच टाकलं. त्यावर आळीतल्या सतरा जणांच्या सह्या आहेत. शेजारणीचीसुद्धा.

रविवार, ३ ऑगस्ट

वहिनीनं बाजाराच्या रस्त्याला खोली घेतली. पुढे शिवणकामाचं दुकान, मागे राहायचं. एकटीनं. शिवणाच्या साठवलेल्या पैशांतून आगाऊ भाडंही देऊन आली.

मी ओरडले, ‘कुणाला विचारून?’

म्हणाली, ‘कुणालाच नाही.’

शाब्बास, वहिनी! — पण आता या घरात मी भांडू कुणाशी?