पायलला समस्थानिकं कोणी शिकवली

प्रिय अनुपमा,

काल पायलला बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं एका हातानं मला टाटा केला आणि दुसऱ्या हातानं लगेच फोन कानाला लावला. तुलाच लावला असणार. प्रीतम बापाच्या कौतुकानं म्हणाला, "पोरगी खुश दिसते तिकडे." मी पिशवी उचलून जिन्याकडे निघाले.

क्लाससाठी तिला अकोल्याला ठेवायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं होतं, अनुमावशी तिथं आहे, रविवारी तिच्याकडे जात जा. मला वाटलं, जेवेल, झोपेल, कपडे धुऊन होस्टेलवर परत जाईल. तू तर तिला शिकवायलाच लागलीस. आता सुट्टीत लेक घरी आली तर वाक्यावाक्यात अनुमावशी. चहा बिनदुधाचा हवा, कारण मावशी तसाच घेते. माझ्या हातचं वांग्याचं भरीत खाताना म्हणे, मावशी त्यात मिरची भाजून टाकते. अगं, कॉलेजात असताना तुला साधी खिचडी जमत नव्हती.

परवा दुपारी पोळ्या करताना मी सहज विचारलं, समस्थानिकं झाली का गं? गेल्या वर्षी त्याच ओट्यावर वाटाणे-हरभरे मांडून मी तिला अणू दाखवला होता. मधल्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन मोजले की मूलद्रव्य कोणतं ते कळतं. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर नुसतं वजन बदलतं, मूलद्रव्य तेच राहतं. तेव्हा ती जांभया देत होती. परवा म्हणाली, "मम्मी, तुह्याकडून मी पाठ केलं होतं. समजलं मावशीकडे."

असं काय सांगितलं मावशीनं, मी विचारलं. "काहीच नाही. कार्बन बारा अन् कार्बन चौदा, दोन्ही जाळले तर काय होईन, इतकंच विचारलं अन् भाकरी थापत राहिली. मी विचार करत बसली. मग मलेच सुचलं, दोन्हीचा कार्बन डायऑक्साइडच होईन. बाहेरचे इलेक्ट्रॉन तर सारखेच आहेत." सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. इतकी वर्षं शिकवते मी, पण असं गप्प बसणं मला कधी जमलं नाही. माझी पोळी तव्यावर करपली. ती म्हणाली, "तू कावून चिडून राहिली?" मी म्हटलं, नाही चिडली.

चिडले होते. बी.एस्सी.ला तू पहिली आलीस आणि मी दुसरी, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. ते मार्क तुझे होते. पायल माझी आहे.

उन्हाळ्यात माझ्या गळ्यातली गाठ काढली, तेव्हा साधी होती असं मी सगळ्यांना सांगितलं. साधी नव्हती, अनुपमा. थायरॉइडचा कॅन्सर होता. बरा होतो म्हणतात डॉक्टर, आणि मी ते मानलं आहे. प्रीतमशिवाय कोणाला माहीत नाही. पुढच्या महिन्यात नागपूरला मला आयोडीन एकशे एकतीस देणार आहेत. नेहमीच्या आयोडीनसारखेच त्रेपन्न प्रोटॉन, न्यूट्रॉन तेवढे चार जास्त. गळ्यात उरलेल्या थायरॉइडच्या पेशींना फरक कळत नाही, त्या त्याला आत घेतात आणि ते त्यांना आतून जाळतं. त्याचे किरण अंगातून बाहेर पडत राहतात, म्हणून घरी आल्यावरही काही दिवस मला सगळ्यांपासून लांब, वेगळ्या खोलीत राहावं लागेल. पायलला कुठून अर्धवट कळलं तर ती मिळेल त्या गाडीनं येईल आणि सरळ गळ्यात पडेल. तिला दूर ढकलणं माझ्यानं होणार नाही.

म्हणून तू सांग तिला. मी सांगायला गेले तर आम्ही दोघी रडत बसू आणि तिला समजणार काहीच नाही. तुझ्याकडे समजेल. मी बोलावेपर्यंत तिला होस्टेलवर राहू देऊ नकोस, तुझ्या घरी ठेव. घाबरली तर जवळ घे, कुशीत झोपव. फक्त ते मला कधी सांगू नकोस.

तुझीच,
माया