चांदाच्या घरी फ्रिज होता

१२ जुलै १९८२
चित्रा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि न्हाणीघरात जाऊन बसली. जेवली नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोटात दुखत असन तिच्या, ओवा दे." ओव्याचं दुखणं नाही हे. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढायला सोबत नेलं, तेव्हा कुठे निघालं.

भूगोलाच्या तासाला बाईंनी सांगितलं, आफ्रिकेत नुसतं जंगल. माणसं झाडावर राहतात, कच्चं मांस खातात. ही उभी राहिली. "नाही बाई, आम्ही तिथे राहत होतो. माझी मैत्रीण आहे चांदा. चांदाच्या घरी फ्रिज होता." वर्ग हसला. बाईंना वाटलं, आपल्यालाच हसले. "मोठी आली आफ्रिकावाली! उलटून बोलते?" शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर उभी. उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची, मगच आत बसायचं.

चांदाचे वडील तिकडे आफ्रिकेत, किटव्याच्या तांब्याच्या खाणीत यांचे साहेब होते. आमच्याकडे फ्रिज फार उशिरा आला. तोवर उन्हाळ्यात दुधाचं पातेलं घेऊन मीच त्यांच्या दारी जायची.

विचारलं, "मागशील माफी?"
"काहून?" म्हणाली.
नागपूरला परत आल्यापासून पहिला अस्सल इथला शब्द तिच्या तोंडून आला, आणि कसा जागेवर आला!

१४ जुलै
काल पाठवलं नाही. आज मीच गेले. हेडबाई गोड बोलल्या, चहा मागवला. "लहान आहे हो. दोन शब्द म्हणून टाकू द्या. शिस्तीचा प्रश्न आहे."
"आणि बाईंनी चुकीचं शिकवलं त्याचं?"
"त्या वर्षानुवर्षं हेच शिकवत आहेत. आजवर कोणाची तक्रार नाही."
"आजवर त्यांच्या वर्गात तिकडून आलेलं कोणी बसलं नसेल."
चहावर साय धरली. मी दाखला मागितला. त्यांना वाटलं धमकी आहे. मलाही खुर्चीतून उठेपर्यंत तसंच वाटत होतं.
चित्रा अकरा वर्षांची. पाचवी. उद्यापासून शाळा नाही. काय केलं मी हे? बरं केलं.

१५ जुलै
घरात मोर्चा. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझ्याशी थेट बोलत नाहीत, सासूबाईंना सांगतात, मी स्वयंपाकघरातून ऐकायचं. "आई, तिले सांग, पोरगी घरी बसवाले आपण काही राजेमहाराजे नाही. गांधीबागेत दुकानावर चार लोकं विचारतात, पुतणी काहून घरी? नापास झाली का? मी काय सांगू?"
मी भिंतीलाच म्हटलं, "आई, त्यांना सांगा, पुतणी खरं बोलली म्हणून घरी आहे असं सांगा."
सासूबाई दोघांच्या मध्ये. "मले नका सांगू रे बाप्पा एकमेकाले. मी काय टेलिफोन आहे?"

१७ जुलै, शनिवार
हे सावनेरहून आले. कोळशाच्या खाणीत नोकरी, आठवड्याला एक रात्र घरी. आम्ही दोघी नागपुरात, महाल भागात राहिलो ते चित्राच्या शाळेसाठी. आणि आता शाळाच…
पाय धुऊन, पाणी पिऊन मग म्हणाले, "मालती, बाई मूर्ख आहे, मान्य. पण सगळ्या शाळांत एक तरी तशी बाई असतेच. किती शाळा सोडशील?"
मी म्हटलं, "किटव्यात शाळा बदलली तेव्हा टर्मभर व्हरांड्यात मीच शिकवलं ना? तेव्हा तुम्ही लोकांना कौतुकानं सांगत होता."
"ते परदेशात. तिथे कोण बघते?"
हेच. तिथे केलं तर हौस, इथे केलं तर खूळ.
शेवटी म्हणाले, वर्षभर कर, पुढे बघू. चित्राच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पेपर उघडला.

२ ऑगस्ट
आता लागलं रुटीन. सकाळी गणित, मग मराठी. तिची मराठी बोलायला ठीक, लिहायला भयंकर. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. माझीही फार बरी नाही, आदल्या दिवशी मीच घोकून ठेवते. इंग्रजीत ती मलाच सुधारते. विज्ञानाला स्वयंपाकघर. काल मीठ विरघळवून परत मिळवायचं होतं, दोरीवर स्फटिक धरले. सासूबाईंनी केर समजून नळाखाली धुतले. चित्रा रडली, मग हसली, मग परत करायला बसली.
दुपारी भूगोल. पृथ्वीचा गोल किटव्याहून आणला होता, तो ट्रंकेतून काढला. सासूबाई वाती वळता वळता बघत होत्या. "याच्यात आपलं सावनेर दिसते का वं?"
"नागपूरसुद्धा दिसत नाही आजी, एवढं लहान."
"मंग कायचा नकाशा?" थोड्या वेळानं, "ते तुझं गाव कोनतं? कोनती ते पोरगी, चांदा? चांदा तर इथं बल्लारशाजवळ आहे."
चित्रानं समजावलं, आजी, हे मुलीचं नाव. सासूबाईंना पटलं नाही. पण किटव्याची जागा बोटानं दाखवून घेतली. समुद्र ओलांडून बोट परत आणलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! एवढ्या लांबून आली तू, अन् त्या बाईनं दाराबाहेर उभं केलं?"
भासऱ्यांपुढे आता त्या पहिल्यासारख्या मान डोलवत नाहीत. मी पाहून राहिले.

२१ ऑगस्ट
तान्हा पोळा झाला. चित्राला लाकडाचा बैल आणला, तिनं शिंगांना चमकी लावली, गळ्यात कवड्या. गल्लीतली पोरं आपापले बैल घेऊन देवळापुढे रांगेत. हिला बघून समोरच्यांची पोरगी मोठ्यानं, "हिले शाळेतून काढलं." दुसरी, "हबशीण!"
मी पुढे होणार, तेवढ्यात ही म्हणाली, "काढलं नाही. आम्ही सोडली." आणि रांगेत उभी राहिली. हलली नाही. बक्षीस नाही मिळालं, चारोळी-खोबरं मिळालं, ते खाल्लं.
घरी येऊन मला म्हणाली, "आई, तू माझ्यामागे उभी राहू नको ना. मग त्या बोलतच नाहीत माझ्याशी."
हे टोचलं. का ते कळत नाही.

९ ऑक्टोबर
दमले. सकाळी पाणी, मग स्वयंपाक, मग शिकवणं, मग परत स्वयंपाक. शेजारच्या काकू रोज येऊन "आज काय शिकवलं?" विचारतात, परीक्षा माझी घेतात. आज म्हणाल्या, "उद्या लग्नाच्या वेळी शिक्षण काय सांगाल?" मी म्हटलं, "सांगू, आईनं शिकवलं. चालत नसेल तर दुसरं स्थळ बघा म्हणावं." सासूबाई पदराआड हसल्या. काकू दोन दिवस येणार नाहीत. सुख.
अपूर्णांक झाले. दशांश गांधीबागेत झाले. भासऱ्यांनी, स्वतः, मुलीला दुकानात बसवून मीटरपट्टीवर सेंटीमीटर दाखवले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आई, पोरगी हुशार आहे. तिले सांग."

२४ नोव्हेंबर
सीताबर्डीवर लोकर घ्यायला गेले. दुकानात हेडबाई. मी मान वळवणार, तर त्याच पुढे आल्या. हात धरला. "झालं गेलं विसरू या हो. तुमचे यजमान दिवाळीआधी येऊन गेले. बाईंची माफी मागितली, मुलीच्या वतीनं. मोठ्या मनाचा माणूस. जूनमध्ये घेऊ आपण तिला."
लोकर न घेता घरी आले. कोणता रंग हवा होता तेही आठवेना.

२७ नोव्हेंबर, शनिवार
हे आले. जेवू दिलं. मग विचारलं.
नाकारलं नाही. "हो, गेलो होतो. मुलीचं वर्ष जाते, तुझी तब्येत जाते. दोन शब्दांनी माझं काय बिघडलं?"
"त्या साहेबांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली. त्यांच्या घरी जेवलात. तुम्हाला मलेरिया झाला तेव्हा ते स्वतः गाडी काढून दवाखान्यात घेऊन गेले. त्यांच्या पोरीबद्दल…"
"मी त्यांच्याबद्दल काही बोललो नाही! फक्त म्हटलं, मुलीचं चुकलं."
चित्रा दारात उभी. कधी आली कळलं नाही. रागावलेली नव्हती, खरंच विचारत होती. "बाबा, म्हणजे चांदाच्या घरी फ्रिज नव्हता असं म्हणालात?"
यांचं ताट तसंच. हात वाळला ताटावर. सासूबाईंनी उठून पाणी दिलं, "धू रे हात," एवढंच.

२८ नोव्हेंबर, रविवार
हे पहाटेच सावनेरला गेले. मी चहा दिला.

१३ डिसेंबर
आज दुसराच धक्का. भागाकार करता करता चित्रा म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."
"त्याच?"
"त्या नाही. कोणत्याही."
माझा आवाज चढला. मी कमी पडते का? बाबांनी काही शिकवलं का तुला? दिवसभर कोणासाठी राबते मी?
तिनं ऐकून घेतलं सगळं. मग, "तू चांगलं शिकवतेस. पण कबड्डीला सात जणी लागतात."
भागाकार तसाच राहिला. मी खाली जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच.
शाळेशी भांडत होते ना मी, की शाळाच नको होती मला? दोन्ही एकच वाटायला लागलं होतं. तिचं भांडण तिनं केव्हाच केलं, एका वाक्यात. बाकीचं माझं होतं.
पण माफी नाही. तिथे माझं-तिचं एक आहे. विचारून घेतलं परत.

१५ जानेवारी १९८३
हे संक्रांतीला आले. तिळगूळ देताना चित्रा म्हणाली, "गोड बोला," आणि हे एकदम उठलेच. शर्ट घातला, सायकल काढली. दुपारी आले.
"गेलो होतो शाळेत."
"आता कशाला?"
"म्हटलं, माफी मी मागितली होती, ती माझी चूक. परत घेतो. बाईंना बोलवायला लावलं. त्यांना सांगितलं, ज्या माणसानं मला खाणीत काम शिकवलं तो झाडावर राहत नव्हता." घाम पुसला, थंडीत. "भाषण जमलं नाही नीट. हेडबाई म्हणाल्या, आता जूनचं विसरा."
मी म्हटलं, "विसरलो."
चित्राला त्यांनी स्वतः सांगितलं, मी मधे पडले नाही. ती म्हणाली, "फ्रिजचं सांगितलं का?"
"राहिलं," म्हणाले. "ते राहून गेलं बेटा."
बऱ्याच महिन्यांनी आम्ही तिघं हसलो. सासूबाईही. त्यांना काय झालं ते अर्धंच माहीत होतं.

२९ एप्रिल
धरमपेठेकडच्या एका शाळेत प्रवेश परीक्षा. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून नेलं तिला.
गणित चांगलं गेलं म्हणते. मराठीत "दीर्घ" शब्द ऱ्हस्व लिहून आली. असू दे.
मग हेडमास्तरांनी दोघींना आत बोलावलं. वयस्कर, शांत. जुन्या शाळेशी त्यांचं बोलणं झालेलं दिसलं. म्हणाले, "बाळ, आमच्याही शिक्षकांचं कधी कधी चुकतं. वर्गात बाईंचं चुकलं तर तू काय करशील?"
खोलीत पंखा गरगरत होता. मला उत्तर माहीत होतं, कोणतं दिलं की प्रवेश मिळतो ते. डोळ्यांनी सुद्धा खूण केली नाही. टेबलावरच्या घंटीकडे बघत बसले. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.
"आधी हात वर करीन," चित्रा म्हणाली. "मग सांगीन."
"आणि बाईंनी बस म्हटलं तर?"
जरा विचार केला तिनं. "बसेन. पण तास संपल्यावर परत सांगीन."
हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चेहऱ्यावरून काही कळेना. "ठीक आहे. कळवू," म्हणाले.
येताना रिक्षात तिनं विचारलं, "घेतील का गं?"
"माहीत नाही."
घरी सासूबाई दारातच. "झाली का वं पास?" मी म्हटलं, कळवतो म्हणाले. भासरे आतून, भिंतीला नव्हे, या वेळी थेट मला, "घेत नसतील तर आपण शिकवू. बाकीचं दशांशाचं मी पाहतो."
चित्रा कूलरसमोर आडवी झाली, फ्रॉकला खसचा वास. बाराखडीची वही तिच्या उशाशी ठेवली आहे. उद्या सकाळी ऱ्हस्व-दीर्घ. घेवोत, न घेवोत.