चित्रातली उघाडी

॥ श्री ॥
टेंभी नाका, ठाणे
ता. ३ मार्च १९५३

चि. हरिहर यास त्र्यंबकचे अ. उ. आ.

तुझे चित्र सुखरूप पोचले. डोंबिवलीच्या तुझ्या एका खोलीत ते का मावेना हे आता कळले. आमच्या बैठकीची अख्खी भिंत त्याने खाल्ली. पण काय काढले आहेस रे! कळव्याची खाडी, मिठाच्या पांढऱ्या राशी, मागे डोंगर, आणि बांधावर उभा राहून बगळ्यांकडे बघणारा आपला मिठागरवाला धाकू. तुझ्या वहिनीने तर त्याला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. पदक उगाच नाही मिळाले.

रविवारी खुद्द धाकू धुतलेले धोतर नेसून, बायको बायजा आणि मुलगी जया यांना घेऊन चित्र बघायला आला. अर्धा तास पाहिले, चहाला हात लावला नाही. मग म्हणाला की, उघाडी बंद करायला सांगा.

मला आधी उमजेना. बांधातली ती फळ्यांची झडप तू उघडी काढली आहेस आणि खाडीचे पाणी चकाकत आत शिरते आहे. राशी पडलेल्या असताना भरती आत आली तर हंगामाचे मीठ विरघळते म्हणे, आणि तुझा धाकू तिकडे पाठ करून बगळे मोजतो आहे. जयाचे दिवा गावच्या काळुरामच्या मुलाशी जुळत आले आहे. काळुरामचाही जन्म मिठागरात गेला. चित्राची कीर्ती ऐकून पंधरा तारखेला तो बघायला येणार, आणि मगच होकार देणार. असल्या गाफील माणसाची मुलगी कोण करून घेईल, असे धाकूचे म्हणणे. तेव्हा येऊन दोन फटकाऱ्यांत झडप लावून जा.

प्रकृतीस जपावे, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

त्र्यंबक

डोंबिवली
ता. ६ मार्च

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावे की रडावे कळेना. ते पाणी म्हणजे चित्राचा जीव आहे. परीक्षकांनी नेमके त्या चकाकीवर बोट ठेवले होते. झडप लावली तर उरतो चिखल आणि धाकू. उघाडी मी माझ्या मनाने उघडली, दोष माझा, असे त्याला समजावून सांगावे. वाटल्यास लेखी देतो. काळुराम आलाच तर वहिनींनी त्याला पोहे देऊन चित्राकडे पाठ करून बसवावे.

शाळेच्या परीक्षा तोंडावर आहेत, येणे होणार नाही. राग मानू नये, धाकट्यावर हात असाच राहू द्यावा.

आपला,
हरिहर

टेंभी नाका, ठाणे
ता. १७ मार्च

चि. हरिहर यास अ. उ. आ.

तुझे पत्र धाकूला वाचून दाखवले. दोष त्यांचा असला तरी तिथे उभा मीच ना, असे म्हणाला. तेव्हापासून तो भरतीची वेळ धरून कळव्याहून चालत येऊ लागला आणि चित्रासमोर बसून नुसती नजर ठेवू लागला. एकदा टोपलीभर चिकणमाती घेऊन आला, ती तुझ्या वहिनीने दारातच उतरवून घेतली. पण तिनेही चित्राखालची गादी दुसऱ्या भिंतीला नेली आहे. शेजारचे विश्रामपंत कचेरीतून येताना खिडकीतून विचारतात, आज पाणी कुठवर आले? मी पस्तीस वर्षे कोर्टात काढलेला माणूस, पण परवा जेवता जेवता उठून झडप बघून आलो.

परवा रविवारी अमावास्येची मोठी भरती. धाकू सकाळपासून इथे ठाण मांडून. दुपारी काळुराम आला तो कमरेपर्यंत चिखलात माखलेला. तो आधी कळव्याला धाकूच्या घरी गेला होता. बायजाने सांगितले की धनी ठाण्याला उघाडी राखायला गेलेत. म्हणून तो मिठागरावर डोकावला, तर तिथली खरी उघाडी उघडी! फळी सुटून पाणी आत येत होते. काळुराम नव्या सदऱ्यानिशी आत उतरला आणि खांद्याने फळी रेटून बसवली. एक रास गेली, बाकीच्या वाचल्या.

हे ऐकून धाकूने टोपी काढून हातात घेतली. त्याचा चेहरा मला बघवेना. सोयरीक मोडली असेच आम्ही धरून चाललो. काळुराम चित्रापुढे जाऊन उभा राहिला. एकाएकी त्याचा हात फळी रेटायला पुढे झाला आणि चिखलाची पाच बोटे तुझ्या पाण्यावर उमटली. मग धाकूकडे वळून म्हणाला की, ज्याला चितरातला पानी बघवत नाय, त्याची पोर माज्या घरान पायजे.

काल पाडव्याला सुपारी फुटली. चिखल मी पुसलेला नाही. मला पुसवत नाही. तुला काय वाटते ते कळव, आणि म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

त्र्यंबक

डोंबिवली
ता. १९ मार्च

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. परीक्षक चित्रापुढे दोन मिनिटे उभे राहिले आणि पदक देऊन गेले. या दोघांना त्यापुढे स्वस्थ उभेही राहवले नाही. दादा, मला भरून आले, आणि लाजही वाटली. चकाकी गेली तर जाऊ दे, उघाडी लावायला येतो. काळुरामची बोटे उमटली आहेत तिथेच फळी बसवीन. जागा त्याने बरोबर दाखवली आहे.

परीक्षांमुळे एकोणतीस तारखेच्या रविवारआधी सुटका नाही, आणि पौर्णिमा सोमवारी. शनिवारपासूनच भरती चढू लागेल. धाकूला त्याच्या मिठागरावरच राहू द्यावे. मी येईपर्यंत तुम्ही आणि वहिनींनी आळीपाळीने चित्रापाशी बसावे, एवढी विनंती.

आपला,
हरिहर